प्रतिगमन या संकल्पनेचा इतिहास आणि दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश मुलांचे स्थलांतर

बीजसंज्ञा : प्रतिगमन, संरक्षण यंत्रणा, ताण, बालकांचे स्थलांतर, ॲना फ्रॉइड, हॅम्पस्टेड बालगृहे

१. प्रस्तावना

पदवी स्तरावर मानसशास्त्रातील 'ताण आणि समायोजन' हा घटक शिकविताना संरक्षण यंत्रणांची एक यादी विद्यार्थ्यांना दिली जाते. दमन, प्रक्षेपण, विस्थापन, प्रतिक्रिया-निर्मिती यांच्या जोडीने या यादीत 'प्रतिगमन' येते. इंग्रजीतील 'रिग्रेशन' या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात हा शब्द योजला आहे. असह्य ताणाच्या प्रसंगी व्यक्तीने आपल्या विकासाच्या आधीच्या टप्प्यावरील वर्तनाकडे परत जाणे, अशी त्याची व्याख्या सांगितली जाते आणि धाकट्या भावंडाच्या जन्मानंतर पुन्हा अंगठा चोखू लागणाऱ्या मुलाचे उदाहरण दिले जाते. व्याख्या आणि उदाहरण दोन्ही योग्यच आहेत. तथापि ही संज्ञा कोणत्या परिस्थितीत घडली, ती कोणासाठी वापरली गेली आणि तिच्या वापरामुळे माणसांच्या आयुष्यात काय बदलले, हा भाग बहुधा अभ्यासक्रमाबाहेरच राहतो.

मराठीत या संज्ञेच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. आपल्या सार्वजनिक जीवनात 'पुरोगामी' आणि 'प्रतिगामी' हे शब्द विचारसरणीचे निदर्शक आहेत व त्यातील दुसरा शब्द तर दूषण म्हणूनच वापरला जातो. परिणामी 'प्रतिगमन' हा शब्द उच्चारताच मागे जाणाऱ्याचा काही दोष असावा, अशी छटा त्याला नकळत चिकटते. ही छटा केवळ मराठीतील नाही. या संकल्पनेच्या इतिहासातच ती आहे.

प्रस्तुत लेखात या इतिहासातील एका प्रकरणाचा, म्हणजे १९३९ ते १९४५ या काळातील ब्रिटिश मुलांच्या स्थलांतराचा, विचार केला आहे. मुलांच्या एकाच वर्तनाचा अर्थ समाजाने, शासनाने आणि मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळा कसा लावला आणि त्या अर्थांनुसार मुलांना मिळणारी वागणूक कशी बदलली, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे. प्रतिगमन ही संज्ञा परिस्थितीचे वर्णन म्हणून वापरली गेली तेव्हा ती उपकारक ठरली. व्यक्तीवरील अथवा समाजावरील निवाडा म्हणून वापरली गेली तेव्हा ती अन्यायाचे साधन बनली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

२. संकल्पनेची पूर्वपीठिका

प्रतिगमनाची कल्पना मानसशास्त्रात मज्जाशास्त्राच्या वाटेने आली. ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८८४ मधील आपल्या क्रूनियन व्याख्यानांत मज्जासंस्थेची उत्क्रांती आणि तिचे विघटन यांची मांडणी केली. हर्बर्ट स्पेन्सर यांच्या उत्क्रांतीविषयक विचारांचा या मांडणीवर प्रभाव होता. जी कार्ये विकासक्रमात सर्वांत शेवटी आली ती आजारात सर्वांत आधी लोप पावतात आणि जुनी, साधी कार्ये टिकून राहतात, हे तिचे सूत्र होते. तत्पूर्वी १८८१ मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी स्मृतिभ्रंशाबाबत असाच नियम मांडला होता. अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या आठवणी उशिरापर्यंत टिकतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

सिग्मंड फ्रॉइड यांनी वाचाघातावरील १८९१ च्या ग्रंथात जॅक्सन यांच्या या सूत्राचा आधार घेतला होता. पुढे १९०० हे प्रकाशनवर्ष छापलेल्या स्वप्नमीमांसेवरील ग्रंथात त्यांनी प्रतिगमन ही संज्ञा प्रथम स्वप्नाच्या स्पष्टीकरणासाठी वापरली. विचार मागे वळून प्रतिमेचे रूप घेतो, असा तेथे तिचा अर्थ होता. १९१४ मध्ये याच ग्रंथात भर घालताना त्यांनी स्थानात्मक, कालिक आणि रूपात्मक असे प्रतिगमनाचे तीन प्रकार सांगितले. आणि हे तिन्ही प्रकार मुळात एकच असून बहुधा एकत्र आढळतात, अशी पुस्तीही जोडली.

१९१६-१७ मधील व्याख्यानांत फ्रॉइड यांनी दिलेला एक दृष्टान्त पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. स्थलांतर करणारा एखादा जनसमूह वाटेतील मुक्कामांवर आपल्या तुकड्या मागे ठेवत पुढे जातो. पुढे गेलेल्यांना बलाढ्य शत्रूने अडविले तर ते स्वाभाविकपणेच या मुक्कामांकडे माघार घेतात. मागे ठेवलेल्या तुकड्या जितक्या मोठ्या, तितका पुढे गेलेल्यांचा पराभव होण्याचा संभव अधिक. या दृष्टान्तात माघारीला दोन कारणे आहेत. एक मागे राहिलेल्या तुकड्यांचे, म्हणजे व्यक्तीच्या पूर्वायुष्याचे. दुसरे समोरच्या शत्रूच्या बळाचे, म्हणजे परिस्थितीचे. पुढील काळात काही अभ्यासकांनी केवळ पहिल्या कारणावर भर दिला व दुसरे दृष्टीआड केले. या लेखात ज्याला निवाडा म्हटले आहे त्याचे मूळ येथे आहे.

१९३६ मध्ये ॲना फ्रॉइड यांचा अहं आणि त्याच्या संरक्षण यंत्रणा यांविषयीचा ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. वडिलांच्या लेखनात विखुरलेल्या यंत्रणा त्यांनी एकत्र केल्या. आपल्या पाठ्यपुस्तकांतील यादीचे मूळ बऱ्याच अंशी या ग्रंथात सापडते. त्यांच्या यादीतही प्रतिगमनाचा समावेश होता. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रियाचा ताबा घेतल्यावर फ्रॉइड कुटुंब व्हिएन्ना सोडून लंडनला आले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी सिग्मंड फ्रॉइड यांचे तेथे निधन झाले. त्यापूर्वी तीन आठवडे इंग्लंडमध्ये एक अभूतपूर्व घटना सुरू झाली होती.

३. सप्टेंबर १९३९ : स्थलांतर आणि तक्रारी

जर्मन बाँबहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटिश शासनाने १ सप्टेंबर १९३९ पासून मोठ्या शहरांतील मुलांना ग्रामीण भागात हलविण्यास प्रारंभ केला. अवघ्या तीन-चार दिवसांत सुमारे १५ लाख लोक शासकीय योजनेखाली हलविले गेले. त्यात आईवडिलांवाचून, केवळ शिक्षकांच्या सोबतीने निघालेली सव्वाआठ लाखांच्या आसपास शाळकरी मुले होती. लहान मुले व त्यांच्या माता मिळून पाच लाखांहून अधिक होत्या. ज्यांच्या घरी ही मुले उतरत त्या यजमान कुटुंबाला एका मुलासाठी आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स आणि एकाहून अधिक मुले असल्यास प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स भत्ता मिळत असे.

वाहतुकीची व्यवस्था चोख होती. मुक्कामाला पोहोचल्यानंतरच्या जीवनाचा विचार मात्र फारसा झालेला नव्हता. पहिल्या काही दिवसांतच यजमान कुटुंबांकडून तक्रारींचा ओघ सुरू झाला. मुलांच्या डोक्यात उवा आहेत, कपडे अपुरे आहेत, जेवायला कसे बसावे हे त्यांना कळत नाही, अशा त्या तक्रारी होत्या. सर्वांत मोठी तक्रार मुले रात्री अंथरूण ओले करतात ही होती. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या प्रश्नांची चर्चा पार्लमेंटमध्ये पोहोचली. ग्रामीण स्त्रियांच्या संस्थांच्या राष्ट्रीय महासंघाने १९४० मध्ये शहरी मुलांविषयीच्या आपल्या सदस्यांच्या अनुभवांचा अहवालच प्रसिद्ध केला.

अंथरूण ओले करण्याचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी तत्कालीन यजमान गृहिणीच्या दृष्टीने तो क्षुल्लक नव्हता. चादरी हाताने धुवायच्या, शरद व हिवाळ्याच्या ओलसर हवेत त्या वाळवायच्या, गाद्या खराब व्हायच्या आणि मिळणारा भत्ता तुटपुंजा. म्हणूनच या तक्रारींकडे केवळ वर्गीय तुच्छतेचा आविष्कार म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. तथापि या वर्तनाचा जो अर्थ लावला गेला, त्यात वर्गीय दृष्टी होती हेही नाकारता येत नाही.

४. एकाच वर्तनाचे तीन अर्थ

पहिला अर्थ संगोपनाच्या दोषाचा होता. शहरातील गरीब वस्त्यांमधील आया निष्काळजी असतात, त्यांनी मुलांना स्वच्छतेची सवयच लावलेली नाही, असे यजमान समाजाने मानले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अवर टाउन्स' या गाजलेल्या अहवालात शहरी दारिद्र्याचे वास्तव सहानुभूतीने मांडलेले आहे. परंतु समस्याग्रस्त कुटुंबाची कल्पनाही त्यात आहे आणि वर्तनाची जबाबदारी त्या कुटुंबावर टाकण्याकडे त्याचा कल दिसतो. या अर्थाप्रमाणे मुलाला शिस्त लावणे हाच उपाय होता.

दुसरा अर्थ वैद्यकीय होता. शय्यामूत्र हा विकार मानून त्यावर औषधोपचार करावा किंवा अशा मुलांना वेगळ्या वसतिगृहात ठेवावे, असे मत होते. 'अडचणीच्या' मुलांसाठी अशी वसतिगृहे पुढे उघडलीही गेली. या अर्थाने मुलाची दोषातून सुटका केली. मात्र त्याला रुग्ण ठरविले.

तिसरा अर्थ मानसशास्त्रज्ञांनी मांडला. यातील अनेक मुले आपल्या घरी अंथरूण ओले करीत नव्हती, अथवा ती सवय त्यांनी केव्हाच मागे टाकली होती. आई, घर, गल्ली आणि भावंडे एकाच दिवशी सुटल्यावर ती पुन्हा तेथे पोहोचली होती. १६ डिसेंबर १९३९ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट यांचे पत्र प्रसिद्ध झाले. दोन ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आईपासून तोडणे हा केवळ तात्पुरत्या दुःखाचा विषय नसून त्याचे मानसिक परिणाम गंभीर असू शकतात, असा इशारा त्यांनी दिला होता. १९४१ मध्ये सुझन आयझॅक्स यांच्या संपादनाखाली केंब्रिज येथील स्थलांतरित मुलांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. कुटुंबबंधांचे महत्त्व योजनाकारांनी ओळखले नव्हते, हा या सर्वेक्षणातून निघणारा बोध होता.

या तिसऱ्या अर्थामुळे प्रश्नाचे स्वरूप बदलले. 'या मुलाचे घर कसले?' या प्रश्नाच्या जागी 'या मुलाने काय गमावले?' हा प्रश्न आला. प्रतिगमन या संकल्पनेचे ऐतिहासिक कार्य येथे स्पष्ट दिसते. जे यजमानाला अस्वच्छता वाटत होते आणि वैद्याला विकार, ते ताणाला दिलेले उत्तर आहे, असे म्हणण्याची सोय या संकल्पनेने करून दिली.

५. हॅम्पस्टेडची बालगृहे

या विचाराची प्रत्यक्ष कसोटी ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांच्या बालगृहांत लागली. जानेवारी १९४१ मध्ये, लंडनवर बाँबवर्षाव सुरू असताना, हॅम्पस्टेड भागातील वेडरबर्न रोडवर त्यांनी पहिले बालगृह सुरू केले. त्याच वर्षी तान्ह्या मुलांसाठी दुसरे आणि एसेक्स परगण्यात मोठ्या मुलांसाठी तिसरे घर उघडले. खर्चाचा भार प्रामुख्याने एका अमेरिकन मदतसंस्थेने उचलला. काम करणाऱ्यांमध्ये नाझी राजवटीतून निर्वासित होऊन आलेल्या अनेक तरुण स्त्रिया होत्या. मुलांचे दैनंदिन वर्तन टिपून ठेवण्याची शिस्त तेथे सर्व कर्मचाऱ्यांना होती. या नोंदींतून मासिक अहवाल तयार झाले आणि त्यांच्या आधारे १९४३ व १९४४ मध्ये दोन ग्रंथ सिद्ध झाले.

या निरीक्षणांतून निघालेला पहिला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. आई जवळ असेतोवर बाँबहल्ल्याचा लहान मुलांवरील मानसिक परिणाम तुलनेने मर्यादित राहत होता; कुटुंबाची ताटातूट मात्र त्यांना खोलवर हादरवीत होती. दुसरा निष्कर्ष प्रतिगमनाच्या यंत्रणेविषयी होता. मूल स्वच्छतेची सवय स्वतःच्या सोयीसाठी लावून घेत नाही. आईच्या प्रेमासाठी, तिला आवडते म्हणून ते ती स्वीकारते. आईच दूर गेल्यावर त्या सवयीचे प्रयोजन संपते आणि सवय गळून पडते. नुकतेच मिळविलेले कौशल्य आधी जाते, हे जॅक्सन यांचे सूत्र येथेही लागू पडते. परंतु ॲना फ्रॉइड यांच्या स्पष्टीकरणात मेंदूच्या स्तरांची जागा नात्याने घेतली आहे.

या निष्कर्षांनुसार व्यवहारात बदल करण्यात आले. मातांना कोणत्याही वेळी येण्याची मुभा देण्यात आली. विभक्त होणे अटळ असेल तर ते एकदम न होता टप्प्याटप्प्याने व्हावे, असे धोरण ठेवले गेले. १९४२ मध्ये मुलांचे लहान लहान गट करून प्रत्येक गट एका सेविकेकडे सोपविला गेला. या 'कृत्रिम कुटुंबां'त प्रारंभी मत्सर, रडारड आणि भांडणे वाढली. आपली म्हणावी अशी व्यक्ती मिळाल्यावर ती हरविण्याची भीतीही मुलांना वाटू लागली होती. परंतु त्यानंतर थोड्याच काळात भाषा आणि स्वच्छता या दोन्ही बाबतींत मुलांची प्रगती वेगाने झाली. शिक्षेने किंवा औषधाने जे साधत नव्हते, ते नाते पुन्हा मिळाल्याने साधले.

प्रतिगमनाला 'संरक्षण' का म्हणायचे, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. मागे जाणारे मूल अशा जागी जाते जेथे त्याने पूर्वी सुरक्षितता अनुभवली होती. ती जागा त्याला नाकारली तर त्याची कोंडी होते. काही काळ मिळू दिली तर तेथून ते पुन्हा पुढे निघू शकते. ऑक्सफर्डशायरमधील वसतिगृहांत सल्लागार म्हणून काम केलेल्या विनिकॉट यांनी पुढे १९५४ मध्ये वाचलेल्या निबंधात अवलंबित्वाकडे होणारे प्रतिगमन हे उपचाराचा भाग ठरू शकते, अशी मांडणी केली.

६. प्रयोगशाळेतील पुरावा

याच सुमारास अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात रॉजर बार्कर, तमारा डेम्बो आणि कुर्ट लेविन यांनी या विषयावर प्रयोग केला. त्याचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण दोन ते पाच वर्षे वयाच्या ३० मुलांना प्रथम साध्या खेळण्यांशी खेळू दिले. नंतर अतिशय आकर्षक खेळणी दाखवून, त्यांच्याशी थोडा वेळ खेळू देऊन, मध्ये तारेची जाळी टाकण्यात आली. खेळणी दिसत होती, पण हाती लागत नव्हती. या अवस्थेत साध्या खेळण्यांशी चाललेल्या मुलांच्या खेळातील रचनात्मकता घसरली. मानसिक वयाच्या परिमाणात ही घसरण सरासरी सुमारे १७ महिन्यांची होती.

लेविन यांनी येथे केलेला एक भेद अध्यापनात सहसा सांगितला जात नाही. व्यक्तीने स्वतःच्या आयुष्यात पूर्वी केलेल्या वर्तनाकडे परतणे वेगळे आणि वर्तनाची घडण एकूणच अधिक साधी, कमी संघटित होणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे होते. आयोवातील मुलांमध्ये दुसरा प्रकार दिसला. त्यांच्या पूर्वेतिहासाचा तपास न करता, केवळ परिस्थितीत बदल करून ही घसरण घडविता आली होती. फ्रॉइड यांच्या दृष्टान्तातील समोरच्या शत्रूचे बळ म्हणजे काय, ते या जाळीने दाखवून दिले.

७. संज्ञेचा गैरवापर

मुलांच्या बाबतीत उपकारक ठरलेली ही संज्ञा प्रौढांना लावली गेली तेव्हा चित्र पालटले. १९३८-३९ मध्ये डाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत बंदिवान असलेले ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९४३ मध्ये अतिटोकाच्या परिस्थितीतील वर्तनावर निबंध लिहिला. छावणीतील कैदी बालसदृश अवस्थेत ढकलले जातात आणि काही जुने कैदी तर पहारेकऱ्यांचेच अनुकरण करू लागतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. स्वतः भोगलेल्या यातनांतून आलेल्या या लेखनाचे मोल नाकारता येत नाही. परंतु १९७६ मध्ये टेरेन्स डे प्रे यांनी 'द सर्व्हायव्हर' या ग्रंथात त्याला मूलभूत आक्षेप घेतला. शौचालयाचा वापरच जेथे पहारेकऱ्याच्या मर्जीवर होता तेथे कैद्याची मलिनता हे त्याच्या बालपणाकडे परतण्याचे लक्षण नव्हते. तो त्याच्यावर केलेला हल्ला होता. अशा स्थितीतही कैद्यांनी परस्परांना मदत केली व आपली प्रतिष्ठा जपली, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अत्याचाराचा परिणाम अत्याचारितांच्या मनाचा गुणधर्म म्हणून मांडला जाण्याचा धोका येथे दिसतो.

हा धोका भारताच्या संदर्भातही प्रकट झाला होता, आणि तोही या आधीच. रांची येथील युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी १९२१ मध्ये हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान व स्वभाव यांचा उलगडा शैशवातील एका विकासावस्थेच्या आधारे करणारा निबंध मनोविश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. एका संपूर्ण समाजाची संस्कृती शैशवावस्थेच्या परिभाषेत मांडली की राज्यकर्ता आपोआप प्रौढाच्या भूमिकेत जातो. त्यानंतरच्याच वर्षी, १९२२ मध्ये, गिरींद्रशेखर बोस यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांच्या काही मतांशी स्पष्ट मतभेद नोंदविणाऱ्या बोस यांच्या कार्यामुळे, हे शास्त्र भारतीयांनी केवळ निरीक्षणाचा विषय म्हणून स्वीकारले नाही, ही बाबही लक्षात घ्यावी लागते.

८. दूरगामी परिणाम

१९५० मध्ये रिचर्ड टिटमस यांनी युद्धकालीन सामाजिक धोरणाचा इतिहास लिहिला. स्थलांतरामुळे शहरी दारिद्र्य मध्यमवर्गाच्या नजरेस आले आणि कल्याणकारी राज्याच्या बाजूने जनमत तयार झाले, अशी मांडणी त्यात आढळते. १९८० च्या दशकात जॉन मॅकनिकल प्रभृती इतिहासकारांनी या मताची फेरतपासणी केली. गरिबांनाच दोष देणारी दृष्टीही याच अनुभवातून बळकट झाली, असे त्यांनी दाखविले. प्रस्तुत लेखातील विवेचन या दुसऱ्या मताला पूरक आहे. मुलाची ओली चादर सर्वांनी पाहिली होती, पण तिचा अर्थ सर्वांनी एकच लावला नव्हता.

एका क्षेत्रात मात्र बदल निःसंशय घडला. हॅम्पस्टेडच्या बालगृहात काम केलेल्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार केला. त्या काळी पालकांना बालरुग्णाच्या भेटीस अत्यल्प वेळ दिला जात असे. शांत पडून राहणारे मूल रुळले, असा समज होता. ही शांतता रुळण्याची नसून खचण्याची असू शकते, हे या चित्रपटाने दाखविले. १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांना मुलांच्या भेटीसाठी मोकळीक देण्याची शिफारस केली. आज बालरुग्ण विभागात आई मुलाच्या खाटेजवळ बसते ही आपल्याला स्वाभाविक वाटणारी गोष्ट ब्रिटनमध्ये अशा निरीक्षणांतून आणि संघर्षातून साध्य करावी लागली.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, प्रतिगमन ही संकल्पना एकाच वेळी व्यक्तीचा पूर्वेतिहास आणि परिस्थितीचा दाब या दोन घटकांवर आधारलेली आहे. यातील दुसरा घटक वगळल्यास तिचे रूपांतर दूषणात होते.

दुसरा, १९३९ नंतरच्या ब्रिटिश अनुभवात या संकल्पनेने मुलांवरील नैतिक दोषारोप सौम्य केला आणि संगोपनाच्या पद्धतींत प्रत्यक्ष सुधारणा घडवून आणली. हे शक्य झाले ते निरीक्षण करणाऱ्यांनी वर्तनाबरोबर हरविलेल्या नात्याचीही नोंद घेतली म्हणून.

तिसरा, प्रौढ कैदी अथवा पारतंत्र्यातील समाज यांना शैशवाची परिभाषा लावताना सत्तेचा प्रश्न दृष्टीआड होतो. ज्याला 'बालिश' म्हटले जाते त्याच्या हाती निर्णयाचे कितपत स्वातंत्र्य उरले होते, हे आधी तपासणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

आपल्या वर्गांतही ताणाखाली असलेले विद्यार्थी असतात. गाव सोडून प्रथमच शहरातील वसतिगृहात आलेला, परीक्षेच्या तोंडावर आजारी पडणारा, प्रत्येक लहान गोष्टीसाठी परवानगी मागणारा किंवा अकारण रुसणारा विद्यार्थी आपल्याला 'अपरिपक्व' वाटतो. तो तसा असेलही. परंतु हा शेरा मारण्यापूर्वी त्याने नुकतेच काय मागे सोडले आहे आणि त्याच्या पुढे कोणती जाळी उभी आहे, एवढी चौकशी करण्याची सवय संरक्षण यंत्रणांचा हा घटक शिकविणाऱ्या अध्यापकाने स्वतःला लावून घेणे उचित होईल.